काळ्या मातीच्या भेगा

दत्तोपंतांनी सकाळी दिवाणखान्याची खिडकी उघडली, टेबलाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्यांनी केलेल्या धार शहराच्या मॉडेलवर, ऐन मधोमध, फुलीच्या आकाराची भली मोठी भेग पडली होती.

चार फोम बोर्ड जोडून केलेलं मॉडेल ते. किल्ला, तलाव, भोवतालची शेतं आणि शेतांतून धावत स्टेशनात शिरणारी छोटीशी आगगाडी. धारला रेल्वे येणार, येणार, असं ऐकता ऐकता पंतांचे केस पांढरे झाले होते. निदान गणपतीपुढे तरी ती धावावी, ही त्यांची हौस. पण मराठी समाजाच्या गणेशोत्सवाची सूत्रं खंडोजीरावांच्या हाती, आणि त्यांनी स्वच्छ बजावलं होतं, "पंत, एक जरी सांधा दिसला ना, तर आम्ही इंदूरचा तयार महाल लावणार." आज चार वाजता ते पाहायला येणार होते.

शेतांवर पंतांनी रंगवलेला लाकडाचा भुसा पसरला होता. कोणा शहाण्या माणसाने सांध्यांवरही तोच पसरला असता. पण पंतांना तिथे अस्सल मातीचे बांध हवे होते! कमलताईंच्या माहेरहून, बदनावरहून, काळी माती मागवली, चाळली, फेविकॉलच्या पाण्यात कालवली आणि सांध्यांवर लिंपली. "अहो, ही माती वाळली की फाटते," असं कमलताई म्हणाल्याही होत्या. पण बायकोचं ऐकतील ते पंत कसले!

"बोल आता," पंत खुर्चीत बसत म्हणाले. "झालं सगळं मातीत."

कमलताईंनी चष्मा लावून भेग नीट न्याहाळली. "भेग छान आहे हो. फक्त सांध्यावरच आहे, म्हणून चुगली करतेय. सगळ्या शेतांना पाडा ना भेगा. जेठाच्या उन्हात आमच्याकडे शेतं अशीच तर दिसतात."

पंत ताडकन उठले. "कमल! अगं, काय डोकं आहे तुझं!"

मग काय विचारता! भुसा खरवडला गेला. उरलेली माती परातीत कालवली, या वेळी फेविकॉल नावालाच, म्हणजे चांगली फाटेल. पंतांनी ती रुळांच्या कडेपर्यंत थापली. भादव्याची दमट हवा, माती वाळता वाळेना. टेबलफॅन लावला, हेअर ड्रायर काढला.

"लांबून धरा, फोम वितळेल!"

"धरलाय लांबून! तू तलावावर झाकण ठेव!"

दोन वाजले, तरी माती ढिम्म. अडीचच्या सुमारास तलावाकाठी केसाएवढी रेघ उमटली. मग दुसरी, मग दहा. "फुटली! कमल, फुटली!" सत्तरीचा माणूस टेबलाभोवती नाचायला लागला आणि कमलताई हसता हसता खाली बसल्या.

चारच्या ठोक्याला खंडोजीराव आले. पाठीवर हात बांधून त्यांनी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून पाहिलं, अंगठ्याने माती चाचपली.

"सांधा कुठे आहे पंत?"

पंतांनी उत्साहाने बोट पुढे केलं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. तलावाच्या डावीकडे? की उजवीकडे? "इथंच कुठेतरी होता," ते पुटपुटले. कमलताईंनाही सापडेना.

"गाडी चालवा," खंडोजीराव म्हणाले.

गाडी निघाली. भेगाळलेल्या शेतांतून वळण घेत आली आणि स्टेशनात थांबली. मग खिशातून मोबाईल काढून खंडोजीरावांनी मुलाला फोन लावला.

"पियुष, वो महल कैंसल कर दे. हो, हो, नको म्हणून सांग. आणि ऐक, आजीसाहेबांना मोटारीत बसवून पंतांकडे घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. नव्वद वर्षं वाट बघितली त्यांनी. म्हणावं, धारला रेल्वे आली."