वर्षाची थाप

आमच्या छापखान्यात वर्षाला एक थाप छापतात. चुकून नव्हे, ठरवून.

आम्ही फाडायची कॅलेंडरं करतो. सकाळी पान फाडायचं, मागच्या चार ओळींतली अजब माहिती वाचायची, 'काय पण एकेक!' म्हणायचं आणि कामाला लागायचं. ही माहिती गोळा करताना आमच्या नाकी नऊ येतात, आणि नदीपलीकडचा एक छापखाना ती आयती उचलतो. म्हणून मालकांनी, ते होते तेव्हा, एक युक्ती काढली. सगळ्या खऱ्या गोष्टींत एक शुद्ध थाप पेरायची. नकाशे करणारेही म्हणे असंच करतात, नसलेली एखादी गल्ली काढून ठेवतात. थाप उचलली की चोर सापडला. 'मुंग्या रविवारी काम करत नाहीत' हे नदीपलीकडच्यांनी जसंच्या तसं छापलं होतं. नंतर वकिलासमोर त्यांना चोरी कबूल करावी लागली. आता मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मालकीणबाई सगळं बघतात, पण रिवाज चालू आहे.

थाप रचायचं काम काकांचं. ते कुणाचे सख्खे काका नाहीत, सगळ्या छापखान्याचे आहेत. पूर्वी छपाईचे, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. खिळे गेले, संगणक आले, आणि काका उरले ते या एका थापेपुरते. तपासायचं काम माझं. माझा स्वभावच संशयी. काका मला शंकासुर म्हणतात. नवरा म्हणतो, "लग्नाआधी मी सांगितलेलं तपासलं असतंस तर आज दोघंही सुखात असतो." मी म्हणते, तपासलं होतं, पण नाइलाज होता.

थापेने कुणाचं नुकसान होऊ नये, ती ऐकायला गोड असावी आणि ती खोटी असावी, एवढेच नियम. शेवटचा सगळ्यात सोपा वाटतो ना? मलाही वाटायचा.

काकू गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. कागद मशीनवर चढायची वेळ आली तरी थापेचा पत्ता नव्हता. मालकीणबाई वर आल्या आणि म्हणाल्या, "काका, नसेल सुचत तर राहू दे. संगणकाला सांगितलं तर तो ढीगभर थापा मारेल. तुम्ही आता घरी आराम करा." त्यांनी हे मायेनेच म्हटलं होतं. पण काकांचा चेहरा खर्रकन उतरला. घर आणि आराम हे दोन शब्द एकत्र ऐकून कुणी इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. "शनिवारपर्यंत वेळ द्या मला," ते म्हणाले.

मग ते रोज दुपारी माझ्या टेबलापाशी येऊ लागले. आमच्या वरच्या खोलीत दुपारी जग जरा सैल होतं. खाली मशीन एका लयीत धडधडत असतं, दोरीवर टांगलेले ओले कागद हलत असतात, त्यांच्यातून आलेलं ऊन भिंतीवर इकडून तिकडे सरकतं. शाईच्या वासाने डोळे जड होतात. काका स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि पहाटेचं स्वप्न सांगावं तसं हळूहळू सांगायचे.

"एक जनावर आहे," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "त्याचे डोळे उन्हाळ्यात सोनेरी असतात. हिवाळा आला, उजेड कमी झाला, की तेच डोळे निळे होतात."

मला ही थाप फार आवडली. मी तपासायला बसले, आणि कपाळाला हात लावला. "काका, खरं आहे. रेनडिअर. बर्फाळ मुलखातलं हरीण."

"अरे देवा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक बाई आणली. ती अंधारातच उठून गल्लोगल्ली फिरायची आणि लांब नळीतून लोकांच्या खिडकीच्या काचेवर वाळलेले वाटाणे फुंकायची, त्यांना कामावर जायला जाग यावी म्हणून. मी हसत हसत शोधलं. गजराची घड्याळं महाग होती त्या काळात काही शहरांत हा खराखुरा धंदा होता, आणि अशा एका बाईचा नळीसकट फोटोही निघाला.

"तिला कोण उठवायचं?" काकांनी विचारलं.

"ते नाही सापडलं."

मग एक बेडूक आला, जो थंडीत गोठून दगड होतो, ज्याचं हृदय थांबतं आणि वसंतात पुन्हा सुरू होतं. खरा निघाला. मेली समजून संग्रहालयात पुठ्ठ्यावर चिकटवलेली गोगलगाय आली. ती काही वर्षांनी जागी झाली होती. तीही खरी. म्हातारपण आलं की पुन्हा लहान होणारा एक चिमुकला जेलीफिश आला, दहा दहा महिने जमिनीवर न उतरणारा पाकोळी पक्षी आला. काका आकाशात खडा मारायचे आणि तो नेमका कुठल्यातरी खऱ्या पाखराला लागायचा. खोटं बोलायला जावं तर जगाने आधीच तसं करून ठेवलेलं! संध्याकाळी घरी जाताना मला रस्त्यावरची झाडं, कावळे, सगळेच संशयित दिसू लागले. हे आणखी काय काय लपवून बसलेत कोण जाणे.

आयुष्यभर मी खऱ्याच्या मागे लागले. त्या आठवड्यात पहिल्यांदा मनापासून म्हटलं, देवा, एकदा तरी खोटं निघू दे.

शुक्रवारी मी न राहवून म्हटलं, "काका, मी देऊ का एखादी? कुणाला कळणार नाही."

"उसनी थाप?" ते दुखावले. मग ओल्या कागदांकडे बघत म्हणाले, "पूर्वी असं होत नसे गं. मी सकाळी चहा पिताना हिला थाप सांगायचो. ही 'असेल बाई' म्हणाली, की समजायचं, हे कुठेतरी खरं असणार. आणि 'काहीतरीच तुमचं!' म्हणाली की पक्की थाप. तिचा अंदाज कधी चुकला नाही. तू नंतर नुसता शिक्का मारायचीस."

म्हणजे इतकी वर्षं छापखान्याची खरी तपासनीस काकू होत्या. पगार मात्र मी घेत होते.

शनिवारी काका उशिरा आले. स्टुलावर बसले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणाले, "लिही. घरातलं माणूस गेलं, की मागे राहिलेल्याला वर्षभरात एकट्याची सवय होते."

मी पेन खाली ठेवलं. "काका, ही कसली थाप? हे तर सगळेच म्हणतात. भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणतो."

"म्हणूनच. नदीपलीकडचा डोळे झाकून उचलेल."

"पण ती खोटी आहे कशावरून?" माझ्या तोंडून गेलं. सवयीने गेलं. जीभ चावली तोवर उशीर झाला होता.

काका रागावले नाहीत. "बरोबर आहे. तपासल्याशिवाय छापायचं नाही. चल."

त्यांचं घर मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना ते रेनडिअरबद्दलच बोलत होते, निळ्या डोळ्यांना जग निळं दिसत असेल का वगैरे. दाराला मोठं कुलूप होतं. काकांनी पायपुसण्यावर चपला झाडल्या, हाताने केस सारखे केले आणि बेल दाबली.

आतल्या रिकाम्या खोल्यांतून बेल वाजत गेली. मी कुलपाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ते दाराकडे तोंड करून उभे होते, अगदी शांत, कान देऊन. काकूंचे गुडघे दुखायचे, स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागायचा. काका तेवढा वेळ थांबले. मी त्यांच्या शेजारी थांबले. आणि खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर वाटलं, की आतून कुणीतरी येतंय.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. मला कळतं सगळं. वेड नाही लागलेलं," ते म्हणाले. "पण बेल न वाजवता घरात शिरलं तर ती दचकायची."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. आत त्यांनी चहा केला, तर तो फार गोड केलाय म्हणून मी उगीचच त्यांच्यावर ओरडले. त्यांनी निमूटपणे त्यात आणखी दूध घातलं.

छापखान्यात परतले तेव्हा मालकीणबाई मशीनपाशी वाट बघत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"हे पक्कं खोटं आहे?" त्यांनी विचारलं. "नाहीतर आपलंच हसं व्हायचं."

"पक्कं. घरी जाऊन तपासलंय."

त्यांनी मशीनवाल्याकडून पेन्सिल मागून घेतली, 'वर्षभरात' हा शब्द खोडला आणि वर 'दहा वर्षांत' असं लिहिलं.

"असं केलं तरी खोटंच राहतं," त्या म्हणाल्या. "हे मी तपासलंय. आणि काकांना सांग, सोमवारी वेळेवर या म्हणावं. पुढच्या वर्षाची थाप आत्तापासूनच शोधायला हवी."