बैलाचा सुरा

माओलिनने सुऱ्यावर पुन्हा पाणी शिंपडलं आणि तिसऱ्यांदा तो दगडावर घासायला घेतला. हातभर लांबीचा सुरा. चाळीस वर्षं त्याने गावोगावचे बैल कापले होते. चुलीवर मोठी कढई उकळत होती, म्हाताऱ्याने कातडी एप्रनही बांधला होता, आणि टोपलीखाली होती एकुलती एक कोंबडी.

“अहो, कोंबडी कापायचीय की बैल?” बायको त्साइयुन स्वयंपाकघरातून ओरडली. “सुनेला दूध उतरेना, सूप कधी करू मी?”

“होतंय.”

“काय होतंय! बारा दिवसांत नातीला एकदा हातात घेतलं नाहीत. निदान आज तरी हात चालवा.”

त्याने सुरा पुन्हा दगडावर टेकवला. वानथिंग, म्हणजे त्याची सून, परवाच फोनवर नवऱ्याला रडत सांगत होती, “मुलगी झाली म्हणून बाबा तोंड फिरवतात.” माओलिन तेव्हा पाण्याची बादली घेऊन खिडकीखालीच होता. आत जाऊन खरं काय ते सांगता आलं असतं. पण एका घावात बैल आडवा करणाऱ्याने कुठल्या तोंडाने सांगायचं, की हिवाळ्यापासून उजवा हात थरथरतो, पेजेची वाटीसुद्धा धड धरवत नाही? बाहीत हात लपवून लपवून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. तरी सांगवत नव्हतं.

आता मात्र धार लावायला काही उरलं नाही. त्याने कोंबडी धरली, पंख आणि मान डाव्या हातात घेतली. जड सुऱ्याने हात स्थिर राहील, एवढाच त्याचा हिशेब होता. राहिला नाही. त्याने कोपर गुडघ्यावर टेकवलं, दात आवळले. कोंबडीने हिसडा दिला, सुरा खणकन विटांवर पडला आणि ती लाकडांच्या ढिगामागे पसार झाली.

उंबऱ्यावर वानथिंग उभी होती, डोक्याला फडकं बांधून.

“अगं, वारा लागेल! बाळंतिणीचा महिना व्हायचाय अजून!” त्साइयुन धावली.

वानथिंग सासऱ्याच्या हाताकडे बघत होती. त्याने तो एप्रनखाली दडवला. एप्रन हलू लागला.

“कधीपासून, बाबा?”

“झाले चार-पाच महिने.”

“आणि मी काय काय समजत बसले!” आत बाळ रडायला लागलं होतं. “हात धुवा आणि आत या.”

“पाडीन गं मी तिला.”

“खाली बसून घ्या. मी आहे ना.”

त्साइयुनने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातली लहान सुरी घेऊन ती कोंबडीमागे गेली.

माओलिन खाटेवर भिंतीला टेकून बसला. वानथिंगने रडती पोर त्याच्या हातांत ठेवली, खालून आपले तळवे लावले. दुपटं थरथरत राहिलं. म्हाताऱ्याने श्वास रोखून हात आवरायचा प्रयत्न केला. पोरीचं रडणं हळूहळू कमी झालं, मग मिटलंच.

“झोपतेय,” वानथिंग कुजबुजली. “हात थांबवू नका, बाबा.”