काय न्हाय, चालू द्या

गजराबाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, की तुमचं दुखतंय का, आणि तिनं काय केलं? तर खोटं सांगितलं. एकदा नाही, दोन महिने रोज.

विचारणारी होती हर्षाली, पुण्याच्या एका कंपनीतली इंजिनिअर. ढोकीच्या अलीकडं एका मळ्यात गजराबाई आणि तिचा नवरा कोंडीराम ऊस तोडत होते, तिथं ती तारा लावलेला एक हातमोजा घेऊन आली. कंपनीला ऊस तोडणारा रोबो बनवायचा होता, आणि तोही दुखणं कळणारा. ज्याला स्वतःला दुखतं त्यालाच दुसऱ्याचं दुखणं कळतं, मग तो कुणाला इजा करणार नाही, असं ती समजावून सांगायची. गजराबाई मनात म्हणायची, अगं माझे आई, आमच्या मुकादमाची कंबर वीस वर्षं दुखतीय, त्याला कुठं कळलं आमचं? पण शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी कशाला लागायचं.

काम तसं सोपं होतं. मोजा घालून ऊस तोडायचा, आणि कुठं कापलं, कुठं भरून आलं, की किती दुखतंय ते तोंडानं सांगायचं. शरीराचं मोजा टिपणार, मनातलं तोंड सांगणार. दोन्हींवरून रोबो शिकणार, दुखणं म्हणजे काय आणि थांबायचं कधी.

इथंच तर घोडं पेंड खात होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतलं एक बसलं की राहतो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुठलाच मुकादम दारात उभं करत नाही. मागच्या हंगामात जगदेवी पोटात दुखतंय म्हणून दोन दिवस पाल्याच्या कोपीत पडून राहिली. तिसऱ्या दिवशी नवऱ्यासकट तिचं बिऱ्हाड टेम्पोत होतं. हे गजराबाईनं डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळं बोटात कोयता घुसला तेव्हा तिनं चिंधी बांधली, बांधावरच्या मुकादमाकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "काय न्हाय, चालू द्या." खांदा निखळायला आला तेव्हाही तेच. अंगात ताप होता तेव्हाही तेच.

हर्षालीच्या टॅबवर आकडे लाल व्हायचे. किती सोशिक आहात हो मावशी तुम्ही, असं म्हणून ती गजराबाईचं उत्तर जसंच्या तसं भरून घ्यायची. आणि मेलं, ते ऐकून गजराबाईला बरंही वाटायचं. पुढं त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

फेब्रुवारीत रोबो आला. दोन हात, हातांवर रबराची कातडी, डोळ्यांच्या जागी कॅमेरे. मजुरांना आपला वाटावा म्हणून कंपनीनं त्याला आवाजही गजराबाईचाच दिला होता. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दोन दिवसांत त्याचं रबर उसानं कापून कापून फाटलं, आतल्या तारा बाहेर आल्या, तरी गडी थांबायचं नाव घेईना. "काय न्हाय, चालू द्या," म्हणायचा आणि पुढचा ऊस धरायचा. हर्षाली बुचकळ्यात पडली, मुकादम मात्र खूश. हा खरा ऊसतोड्या, असं तो चारचौघांत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंडीराम रोबोशेजारी मोळी बांधत होता. रोबोनं उसाबरोबर त्याचं मनगट धरलं. कोंडीराम कळवळला, तशी त्या दोन कॅमेऱ्यांनी वळून त्याच्या तोंडाकडं बघितलं. हर्षाली नंतर शपथेवर सांगत होती, की टॅबवर लाल उमटलं होतं, त्याला माणसाचं दुखणं पुरतं कळलं होतं. कळलं, आणि गजराबाईच्या आवाजात तो तिच्याच नवऱ्याला म्हणाला, "काय न्हाय, चालू द्या." पकड काही सुटली नाही.

हर्षालीनं धावत येऊन तो बंद करेस्तोवर मनगटाचा चुरा झाला होता.

कोंडीरामला उसाच्या पाचटावर निजवलं. हर्षाली रडत होती, काका किती दुखतंय म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती. कोंडीरामनं आधी बांधाकडं बघितलं. मुकादम तिथंच उभा होता. कोंडीरामचे ओठ हलायला लागले, आणि पुढं काय येणार ते गजराबाईला ठाऊक होतं. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"दुखतंय," ती बांधाकडं तोंड करून म्हणाली. "लई दुखतंय. माजं बी दुखत हुतं, रोज. लिहून घ्या बाई, म्या खोटं सांगितलं."

पण हर्षाली रडतच होती, मोजा तिच्या पिशवीत होता आणि रोबो बंद. ऐकायला राहिला एकटा मुकादम, आणि तो फोन कानाला लावून लोहारा गावाकडच्या कुणाला तरी विचारत होता, की उद्यासाठी एखादा पुरा कोयता मिळंल का.