चाप जरा हलका करा

मोजणीदार दुकानात आले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि काका अक्रोडाच्या तुकड्यावर कानस घासत कालच्या एका गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडत बसले होते. बाबा जाऊन सात महिने झाले तरी बंदूक दुरुस्तीच्या त्या दुकानावर पाटी त्यांच्याच नावाची होती. ती बदलायचं त्यांच्या मुलीने मनावर घेतलं नव्हतं आणि तिच्या काकांनी विषय काढायची हिंमत केली नव्हती. दुरुस्ती ती करायची, लाकडाच्या मुठी काका घडवायचे. दिवसाकाठी दोघांचं बोलणं व्हायचं ते बहुतेक हत्यारं कुणी जागेवर ठेवली नाहीत यावरून.

मोजणीदार हे बाबांचं जुनं गिऱ्हाईक. उभी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली, निवृत्तीनंतरही खिशाला टोक केलेल्या दोन पेन्सिली. त्यांचं रिव्हॉल्व्हर तीस वर्षांत तीनदा दुकानात आलं होतं, तेही तेलपाण्यापुरतं. आज त्यांनी ते रुमालातून सोडवून काउंटरवर ठेवलं.

"रिकामं आहे," ते म्हणाले.

"असेल, असेल," काका मान वर न करता म्हणाले. "आमच्याकडे साक्षात देवाने आणून दिलं तरी उघडून बघतात."

तिने सिलिंडर बाहेर काढून उजेडाकडे धरला. सहाही भोकांतून खिडकी दिसली.

"काय करायचंय साहेब?"

"चाप जड झालाय. जरा हलका करा."

"चाप कुठला जड होतोय! बोट म्हातारं होतं," काका म्हणाले. "माझंच बघा, हल्ली नाकात घालायलासुद्धा जोर लागतो."

मोजणीदार हसले नाहीत. तिने चापाला मापाचा आकडा अडकवून हळूहळू ओढला. घोडा मागे जाऊन आपटला तेव्हा काटा पाच किलोच्या पुढे होता.

"चारपर्यंत आणीन. फार तर साडेतीन. त्याच्या खाली मी जात नाही. स्प्रिंग फार सैल झाली की घोड्याचा ठोका फुसका पडतो, मग एखादी गोळी उडतच नाही."

"नको, नको, तसं अजिबात नको." मोजणीदार घाईघाईने म्हणाले. "पहिलीच उडायला हवी. पहिली नाही उडाली तर पुन्हा मला..."

"स्पर्धा आहे वाटतं?"

"हो. क्लबात. आमच्या वयाच्या लोकांची."

तिने वहीत नोंद केली. परवाना तपासला, नंबर पडताळला. हे सगळं हातच्या सवयीने चाललं होतं. मुठीची डावी फळी चिरलेली होती, म्हणून काकांनी मुठींचा ट्रे आणून समोर ठेवला आणि त्यांना बोलायला विषय मिळाला.

"ही शिसवीची बघा, दिसायला नवरीसारखी. पण गुळगुळीत, हातात फिरते. ही अक्रोडाची, माझ्या हातची, म्हणजे चांगलीच असणार. आणि हे रबर. रूप नाही, पण घाम सुटला तरी पकड सुटत नाही."

"घाम सुटतो," मोजणीदार म्हणाले. त्यांनी रबराची मूठ उचलली, दाबून पाहिली. "आवाज थोडा कमी होतो का हिने?"

"मुठीने? आवाज नळीतून येतो हो."

"नाही, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, म्हणून विचारलं."

"क्लबात?" काकांनी विचारलं.

मोजणीदारांनी मूठ ट्रेमध्ये ठेवली, मग पुन्हा उचलली. तिने विषय बदलायचा म्हणून विचारलं, "काकू कशा आहेत?"

"पडूनच. अडीच वर्षं झाली. बोलणं गेलं, हातपाय गेले. डोळे तेवढे राहिलेत." ते मुठीकडे बघतच सांगत होते. "हल्ली त्यांचंही नवीनच काहीतरी सुरू झालंय. मी खोलीत असेतो डोळे मिटतच नाही. रात्री जाग आली की बघावं तर टक्क उघडे. डॉक्टर म्हणतात, आजारच तसा आहे."

काका ट्रेमधल्या मुठी सारख्या करू लागले. अशा वेळी काय बोलायचं हे त्यांना कधीच कळत नसे. बाबांच्या वेळीही कळलं नव्हतं.

तिने रबराची मूठ तात्पुरती बसवली. मूठ हाताला बसते की नाही हे ठरवायची दुकानाची एक पद्धत होती. बाबांनी ती तिला पंधराव्या वर्षी शिकवली होती. रिकामं हत्यार गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, डोळे मिटायला सांगायचं, आणि नेम धरायला सांगायचं. कुठे, ते सांगायचं नाही. डोळे उघडे असले की माणूस मनगट वळवून चुकीच्या मुठीलाही सांभाळून घेतो. डोळे मिटले की हात त्याच्या सवयीच्या जागी जातो आणि मुठीचा दोष उघडा पडतो. क्लबातल्या नेमबाजांचा हात खांद्याच्या रेषेत वर येतो. म्हणूनच समोरच्या भिंतीवर त्या उंचीला खडूने गोल काढलेला असे.

"बसून केलं तर चालेल?" मोजणीदारांनी विचारलं.

त्यांनी स्टूल ओढलं, बसले, डोळे मिटले. हात उचलला गेला तो पुढे गेलाच नाही. कोपर बरगडीला टेकलं, मनगट डावीकडे वळलं आणि नळी काउंटरच्याही खाली, जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर येऊन थांबली. हात तिथे दगडासारखा स्थिर झाला.

"अरेच्चा," काका म्हणाले. "मूठ जाड होतेय. नळी पडतेय खाली. थांबा, अक्रोडाची लावू."

अक्रोडाची लावली. हात तिथेच गेला. शिसवीची लावली. पुन्हा तिथेच, बोटभरही इकडेतिकडे नाही.

"उंदीर मारायची स्पर्धा आहे का साहेब?" काका म्हणाले आणि हसायला लागले. पण पुतणीकडे लक्ष गेलं तसं त्यांचं हसू अर्ध्यावरच विझलं.

ती उंची तिला पाठ होती. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलं, कोपर अंगाशी धरलं आणि डावीकडे वळलं की हात नेमका त्या उंचीवर उशीशी पोहोचतो. पाच महिने तिचा चमचा तिथेच थांबत होता, बाबांनी तोंड उघडायची वाट बघत. मोजणीदारांच्या हाताला इतकी सवय एका दिवसात झालेली नव्हती. ते रोज काकूंच्या उशाशी बसत असणार, रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन.

तिने सावकाश ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"काका, जरा चहा सांगून या ना."

"आत्ताच तर..." काका म्हणाले, पण उठले. दारातून दोनदा मागे वळून बघत गेले.

तिने स्क्रू सोडवले, बाजूची पट्टी काढली, चाप आणि स्प्रिंग डब्याच्या झाकणात ठेवून झाकण आपल्याकडे ओढलं. मोजणीदार डोळे उघडून बघत होते.

"त्यांनी मागितलंय, की तुम्ही ठरवलंय?" तिने विचारलं.

ते नाही म्हणाले नाहीत, रागावलेही नाहीत. खिशातल्या पेन्सिली सारख्या केल्या.

"तुमच्या वडिलांचं तुम्ही बघितलंत," ते म्हणाले. "तुम्ही तरी मला शिकवू नका."

हे खरं होतं. शेवटच्या दिवसांत बाबांनी एकदा जिन्याकडे, खालच्या दुकानाकडे, बोट दाखवलं होतं. तिने न कळल्याचं सोंग केलं होतं. त्यानंतर ते एक्केचाळीस दिवस होते, आणि त्या दिवसांचं चांगलं असं तिला कुणाला काही सांगता आलं नसतं. समोरच्या माणसाला राक्षस ठरवणं तिला जमेना. जमलं असतं तर सोपं झालं असतं.

"शिकवत नाही. विचारतेय. काकूंनी मागितलंय का?"

"मी विचारलं तिला. सरळ विचारलं. म्हटलं, सोडवू का तुला? माझंही पाठोपाठ बघतो. पटत असेल तर डोळे मिट."

"मग?"

"मिटले."

रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं. तिने डब्याचं झाकण आणखी जवळ ओढलं.

"डोळे सगळ्यांचेच मिटतात, साहेब. सारखे मिटतात."

"मला कळतं तिचं. चाळीस वर्षांचा संसार आहे."

"कधी विचारलंत?"

"गेल्या महिन्याच्या अठरा तारखेला."

"आणि त्यांनी डोळे मिटायचं कधीपासून सोडलं?"

मोजणीदार बोटांवर दिवस मोजायला लागले. आयुष्यभर दोन खुणांमधलं अंतर मोजलेला माणूस होता तो. तिने पुढे एक शब्दही बोलायची गरज नव्हती.

"अठरापासूनच," ते म्हणाले. मग अगदी लहान आवाजात, "म्हणजे ती... मला..."

ते उठले आणि रिव्हॉल्व्हर, परवाना, रुमाल, सगळं तिथेच टाकून बाहेर पडले. पाहिजे होतं ते झालं, असं वाटून ती क्षणभर बसून राहिली. मग लक्षात आलं की पलंग, खुर्ची आणि हा माणूस आता एकाच खोलीत असणार आहेत, आणि त्याला नुकतंच कळलंय की आपली बायको आपल्याला घाबरते. चहा घेऊन येणाऱ्या काकांना तिने दारातच सुट्या भागांचं झाकण दिलं. "हे कपाटात, कुलूप लावून. कुणालाही देऊ नका, त्यांनासुद्धा," एवढं बोलून ती ॲप्रनवरच मोजणीदारांच्या मागे धावली.

तिने त्यांना दुसऱ्या चौकात गाठलं. येऊ नका म्हणाले नाहीत. दोघं तीन मजले चढले. दुसऱ्या मजल्यावर एका दारामागे बाळ रडत होतं.

खोली स्वच्छ होती. चादर ताणलेली, केस विंचरलेले, औषधं उंचीप्रमाणे लावलेली. पलंगावरच्या बाईचे डोळे आधी नवऱ्याच्या हातांवर गेले. मोजणीदारांनी दोन्ही पंजे उघडून दाखवले.

"अगं, नाही... ते देऊन आलो मी. नाही करत. ऐकतेस ना? नाही करत."

डोळे उघडेच होते. त्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, एका कोपऱ्यातून पाणी कानाकडे वाहत होतं, पण पापणी हलली नाही. मोजणीदार एक पाऊल पुढे झाले तशी त्यांच्याबरोबर नजरही सरकली.

"तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली. "तुमच्या मुलीला फोन करा. आजच निघ म्हणावं. का, तेही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

ते गेले. बाहेरून नंबर फिरवल्याचा, मग त्यांचा आवाज आला. "हॅलो, बाळा..."

तिने खुर्ची पलंगापासून थोडी लांब सरकवली आणि बसली. तेलाचे हात ॲप्रनला पुसले.

"काकू, मी बंदूकवाल्यांची मुलगी. रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आहे, सुटं करून ठेवलंय. परत देणार नाही. तुमची लेक येईपर्यंत मी इथे थांबू का?"

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे डोळे मिटले आणि मिटलेलेच राहिले. ते हो होतं की इतक्या दिवसांची झोप, हे तिला कळायला मार्ग नव्हता. श्वास लांब होत गेला.

बाहेरचं बोलणं थांबलं. पावलं वाजली, आणि मोजणीदार दारात आले. तिने हात वर करून त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं.