सात मिनिटं पाच सेकंद

वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या तालातला 'एक' मोठा की 'दोन-तीन', यावरून आमच्या घरात बत्तीस वर्षं भांडण चाललं. माझा नवरा वाद्यवृंदात खर्जातला डबल बेस वाजवायचा, म्हणजे 'एक' त्याचा. मी व्हायोला वाजवते, म्हणून 'दोन-तीन' माझे. व्हायोला ही व्हायोलिनची थोरली बहीण. घरातलं काम सगळं तिनं करायचं आणि फोटोत कडेला उभं राहायचं. तो म्हणायचा, माझ्या 'एक'शिवाय तुमचे 'दोन-तीन' अधांतरी लटकतील. मी म्हणायचे, आमच्याशिवाय तुझा 'एक' म्हणजे शेजारी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकतंय. तो आपल्या वाद्याएवढाच उंच होता, म्हणून सगळे त्याला खांब म्हणत.

खांब जाऊन चार महिने झाले. आज सकाळी मी पहिल्यांदा तालमीला गेले, आणि नशीब बघा, स्टँडवर नेमका तोच वॉल्ट्झ. डी मायनरमधला, दरवर्षी आम्ही वाजवतो तो. पहिल्या सुरापासून उदास आहे. मधली चार पानं मेजरमध्ये जातात तेव्हा वाटतं, चला, आता सगळं ठीक होणार. आणि मग पुन्हा डी मायनर. आमचे कंडक्टर सर नेहमी बजावतात, हे रडगाणं नाही. डोळे भरले तरी चालतील, नाचणाऱ्याचा पाय चुकता कामा नये.

आज पाय चुकला. खांबाच्या जागी पन्नाशीचे एक गृहस्थ आले आहेत, अबोल आणि टापटीप. त्यांचा 'एक' पडायचा आणि आम्ही सगळे मागून धावायचो. तीनदा थांबावं लागलं. सर म्हणाले, तुम्ही घाई करताय. ते शांतपणे म्हणाले, पानावर लिहिलाय तोच वेग आहे. सरांनी ठेका देणारा मेट्रोनोम काढून लावला: मिनिटाला चोपन्न 'एक'. गृहस्थ अगदी बरोबर होते आणि आम्ही पन्नास माणसं चूक.

आमच्याकडे एक पद्धत आहे. असा तुकडा पूर्ण वाजवून झाला की बेसवाल्यानं आपल्या स्वरलिपीच्या प्रतीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि लागलेला वेळ पेन्सिलीनं लिहायचा. गृहस्थांनी ते पान उलटून मोठ्यानं वाचलं. चार वर्षांपूर्वी सात मिनिटं पाच सेकंद. मग सात वीस. मग सात चाळीस. गेल्या वर्षी आठ मिनिटं.

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, माझाही हात तुमच्यामागे ओढला गेला आणि मला पत्ता लागला नाही. मग जरा वेळानं त्यांनी ठरवून टाकलं, की आठ मिनिटं हा खांबाचा वेग आहे, तर या वेळी त्याच्या आठवणीसाठी तसाच वाजवू. सगळ्यांनी टाळ्यांऐवजी गजांनी स्टँडवर टकटक केली. मी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण मला पत्ता लागला होता. तीन वर्षांपूर्वी एका तालमीत त्याचा 'एक' केसभर उशिरा आला. डावा हात मागे राहत होता. दुसरा कुणी ऐकायच्या आत मी माझा 'दोन' तेवढाच मागे घेतला. शेजारीण माझ्याबरोबर मागे आली, तिच्यामागून आमची सगळी रांग, आणि व्हायोलिनची वरची चाल तर आमच्याच जिवावर चालते. त्याचं उशिरा येणं कुणाला दिसलंच नाही. त्या संध्याकाळी घरी बूट काढता काढता त्यानं विचारलं, "माझा हात मागे पडतोय का गं?"

"छे. काहीतरीच तुझं."

जगात माझ्या कानाइतका भरवसा त्याचा कशावरच नव्हता. डोक्यातली गाठ सापडायला आणखी दोन वर्षं गेली. आधी आणलं असतं तर, एवढंच म्हणून डॉक्टर थांबले. मला त्याची अब्रू झाकायची होती. मी त्याचा आजार झाकला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मधल्या सुट्टीत गृहस्थ प्रत घेऊन माझ्याकडे आले. जुन्या खुणा खोडून मग आपल्या लिहायच्या, अशी त्यांची सवय. एका खुणेवर मात्र ते अडले होते. डी मायनर परत येतो तिथे, पेन्सिलीनं, त्याच्या शेवटच्या वर्षातल्या बारीक वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'ती थांबलीय. घाई कर.'

"ही ती कोण, कळलं नाही," ते म्हणाले. "खोडू का?"

मी नको म्हटलं. म्हणजे त्याला माहीत होतं. मी खोटं बोलले तेही, आणि रोज त्याच्यासाठी थांबत होते तेही. आणि तो बिचारा मरणाच्या दारात उभा राहून धावायला बघत होता.

सुट्टी संपल्यावर मी उभी राहिले. बत्तीस वर्षांत मी तालमीत कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"सर, आठ मिनिटं हा त्याचा वेग नव्हता. ते त्याचं दुखणं होतं, आणि ते मी लपवलं. तो शेवटपर्यंत घाई करत होता. लिहिलाय त्या वेगानं वाजवा."

सरांनी मेट्रोनोम पुन्हा लावला, बंद केला आणि हात वर उचलला.

आम्ही शेवटपर्यंत न थांबता वाजवलं. वेळ लिहायची पाळी आली तेव्हा गृहस्थांनी आपण होऊन प्रत आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. आठ मिनिटांच्या खाली मी सात मिनिटं सहा सेकंद लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं, 'आज थांबले नाही.'

पुन्हा त्याच्याशी खोटंच बोलले. मधल्या चार पानांत, मेजरमध्ये, एकदा सेकंदभर थांबले होते.