उताणा हात

"वसरामच्या हाताचं सुपिनेशन होत नाही," हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला वाटलं, आणखी एक नवा रोग निघाला.

बाळंतपणात खांद्याची नस ताणली गेली, तेव्हापासून माझ्या लेकराचा उजवा हात लुळा लोंबतो, तळवा मागं वळलेला. "बाई, मराठीत सांगा," मी म्हणाले. त्यांनी आपला हात पालथा धरला आणि कोपर न हलवता तळवा वर केला. "हेच ते. लॅटिन शब्द आहे. पाठीवर निजलेला, उताणा, असा मूळ अर्थ. आपल्याकडं उत्तानन म्हणतात. हात उताणा करणं." एवढ्याशा हालचालीला एवढं मोठं नाव, आणि नेमकी तीच माझ्या लेकराला येत नव्हती!

दूध पाजलं की दर वेळी तळवा वर फिरवायचा, असं त्यांनी शिकवलं. सहावा महिना सरायच्या आत हात आपसूक वळला नाही, तर ऑपरेशन. आणि त्यानंही वळेलच असं नाही.

घरी तांड्यावर माझी सासू, पारुबाई. मी शेतात गेले की ती लेकराला तेल चोळायची आणि हात पालथा दाबूनच दुपट्यात घट्ट आवळून टाकायची. तिची सगळी लेकरं तिनं अशीच बांधलेली. एकदा मी दुपटं सोडून हात फिरवत होते, तर ती ओरडली, "निलम, काहून मोडून राहिलीस लेकराचा हात?"

माझं डोकंच फिरलं. तिचा हात धरून मी पालथा केला आणि त्यावर गुळाचा खडा ठेवला. खडा घरंगळून मातीत पडला. "बघा आत्या! असाच राहिला तर याच्या हातावर कोन काय ठिवनार?" मला रडू आवरेना.

तिनं वाकून खडा उचलला, पदराला पुसला. मग तिनं ते दुपटं उचलून पेटीत टाकलं.

तेव्हापासून आम्ही दोघी पाळीपाळीनं हात फिरवतो. आता सहावा महिना संपत आला. उद्या तपासणी. वसराम उताणा निजलाय, अगदी निवांत. तेवढा उजवा हात मात्र धरला नाही की पालथा होतो. सासू केव्हाची त्याचा तळवा वर धरून बसलीय.

"सोडू का आता?" तिनं विचारलं.

"न्हाई आत्या," मी म्हणाले. "इतक्यात नका सोडू."