मधमाशीचे पाच डोळे

त्या रविवारी दुपारी ती वडिलांचे शर्ट इस्त्री करत होती आणि शेजारच्या खोलीतल्या शाबासक्या मोजत होती. अकरा झाल्या होत्या. तिच्या वाट्याला चाळीस वर्षांत मिळून तेवढ्या आल्या नव्हत्या.

वडील मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे प्रश्नमंजूषेचे खेळ करायचे. प्रश्न त्यांचे, खेळातला आवाजही त्यांचाच. उत्तर बरोबर आलं की तो आवाज गरजायचा, "शाब्बास रे वाघा!" कुठल्या कुठल्या घरांतली, कधी न पाहिलेली पोरं ते ऐकायची. तिला त्या सगळ्यांचा हेवा वाटायचा.

कारण लहानपणी प्रत्येक नवा प्रश्न आधी तिच्यावर आजमावला जाई. तिला तो आला की "सोपा आहे" म्हणून वडील त्यावर काट मारत आणि तोंड पाडून खोलीत परत जात. शाबासकी राहिली बाजूलाच. ती दहा वर्षांची असताना एकदा ते जवळजवळ नाचतच आले. "मधमाशीला डोळे किती?" तिला ठाऊक होतं. पण त्यांचा फुललेला चेहरा पाहून ती म्हणाली, "दोन."

"फसलीस! पाच!" प्रश्न खेळात गेला. मग त्यांचे लाडके प्रश्न ती असंच चुकीचं उत्तर देऊन वाचवत राहिली आणि थोरलीचं सामान्यज्ञान यथातथाच, हे घरात ठरून गेलं.

आता पलीकडे धाकट्या बहिणीची मुलगी, ठकी, त्याच प्रश्नापाशी अडली होती.

"आजोबा, थोडंसं सांगा ना."

"सांगायचं नसतं. दोन मोठे आणि डोक्यावर बारीक तीन. कर बेरीज!"

"हे न सांगणं?" ठकी खिदळली. "पाच!"

बारावी शाबासकी. वर वडील म्हणाले, "तुझ्या मावशीला आलं नव्हतं बरं का हे."

"मावशी, तू ढ होतीस?"

"होते हो," ती म्हणाली. इस्त्री क्षणभर जास्तच टेकली. कॉलरवर तपकिरी डाग उमटला. डाग आत लपवून तिने शर्टाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गार झाला तरी वडील उठले नाहीत.

महिन्याभराने ठकी लॅपटॉप घेऊन आली. "यात आजोबा अजून बोलतात," ती म्हणाली, जणू आजोबा तिच्या एकटीच्या मालकीचे. "खेळतेस? तुला न आलेलाच लावते."

"मधमाशीला डोळे किती?" वडिलांनी विचारलं.

"पाच," ठकी तिच्या कानाशी कुजबुजली.

"सांगू नकोस."

तिने पाचचं बटण दाबलं.

"शाब्बास रे वाघा!"

सगळ्या जगाच्या पोरांना मिळालेली, तीच. तिने लॅपटॉपचा पडदा दोन्ही हातांनी धरला.

"मला तेव्हाही येत होतं, बाबा. दोन मी मुद्दाम म्हणाले."